प्रयोग पूर्ण पाहिला

"एकोणीस तारखेच्या प्रयोगातला शेवटचा प्रवेश," निवेदिका मानपत्र वाचत होती, "हा या वर्षीच्या रंगभूमीचा ठेवा आहे. तिथे बोलणं थांबतं आणि अभिनय सुरू होतो."

(टाळ्या.)

दुसऱ्या रांगेत लेकीनं मास्तरांना कोपरानं ढोसलं. "बाबा, तुमचं वाक्य."

मास्तरांनी मान हलवली. वाक्य त्यांचंच होतं. याआधी दोन वेगळ्या वर्षी, दोन वेगळ्या नटांसाठी त्यांनी ते वापरलं होतं. कुठेही बसायचं.

वर्षातल्या सगळ्या नाटकांमधून अभिनेत्रीचं पहिलं बक्षीस. नायिका व्यासपीठावर आली. मानचिन्हाकडे हात नेता नेता थांबली आणि निवेदिकेला हळूच काहीतरी विचारलं. निवेदिकेला वाटलं, बाईंना पुन्हा एकदा ऐकायचंय. तिनं माइकवरून पुन्हा वाचलं. तारीख जरा ठासून. एकोणीस.

(टाळ्या, आधीपेक्षा जास्त.)

"हे बक्षीस माझ्या एकटीचं नाही," नायिका म्हणाली. असं सगळेच म्हणतात. तिनं ते मान खाली घालून म्हटलं आणि खाली उतरली.

परीक्षकाचा तक्ता. सगळ्यात खालची ओळ.

प्रयोग पूर्ण पाहिला: होय / नाही. लागू नसेल ते खोडावे.

दर नाटकाला एक परीक्षक, एक प्रयोग. तो पाहील ते खरं. मास्तरांनी 'नाही' खोडलं होतं. एकोणीस तारखेलाच, मध्यंतरातून घरी आल्यावर, लेकीच्या पेनानं. गुडघा दुखत होता. गुडघा फारसा दुखत नव्हता; कंटाळा आला होता. चाळीस वर्षं अभिनय शिकवलेल्या माणसाला दुसरा अंक कळायला बसून राहावं लागत नाही, असं त्यांना वाटलं होतं. घ्यायला लेकच गाडी घेऊन आली होती.

"संपलं एवढ्यात?"

"आटोपशीर आहे," ते म्हणाले होते.

सोहळा संपला. बाहेरच्या दालनात चहा होता. लोक मास्तरांना भेटून जात होते. गर्दी ओसरल्यावर एक चाळिशीची बाई पुढे आली. पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला, बोटांच्या टोकांना टाचण्या टोचल्याच्या खुणा.

"मास्तर, ओळखलं नसेल तुम्ही. आत्ता मेकअप नाही ना."

"चेहरा पाहिलेला वाटतो," मास्तर म्हणाले. हेही त्यांचं नेहमीचं वाक्य.

"पाहिलाच असणार. एकोणीस तारखेला दुसरा अंक मी केला. मध्यंतरात ताईंचा आवाज बसला, ऐन वेळी मला उभं केलं. घोषणा झाली होती की."

(मास्तर चहात साखर ढवळत राहतात.)

"अहो, मी भांडायला नाही आले. बक्षीस ताईंचंच. पंच्याण्णव प्रयोग त्यांनी ओढलेत. जाहिरातीत नाव त्यांचं, तुमच्या तक्त्यात नाव त्यांचं, तुम्ही तरी काय करणार. पण ते वाक्य..." ती लाजल्यासारखी हसली. "ते माझं ना?"

लेकीनं चहाचा कप खाली ठेवला.

"मी तिथे संवाद विसरले होते, मास्तर. शेवटचाच. पाटी कोरी. विंगेतून सांगत होते, पण कानात काही शिरेना. तशीच उभी राहिले. पडदा पडल्यावर दिग्दर्शक म्हणाला, वाट लावलीस नाटकाची. चौदा वर्षं मी कपडेपट सांभाळते आणि वेळ पडली की बदली उभी राहते. त्या दिवसापासून उभं राहणं बंद. नुसत्या इस्त्र्या." ती एक पाऊल जवळ आली. "आणि तुम्ही लिहिलंत, बोलणं थांबतं आणि अभिनय सुरू होतो. आता जाते आणि त्याला सांगते. म्हणावं, मास्तर समोर होते. त्यांनाच विचार."

खरं सांगायला चार शब्द पुरले असते. मी मध्यंतरात निघून गेलो. पण ते सांगितलं तर हिच्या हातात काय उरणार, असं मास्तरांच्या मनात आलं. कारण चांगलं होतं. इतकं सोयीचं होतं, की त्या कारणाचीच त्यांना लाज वाटली.

"फक्त एक सांगा," ती म्हणाली. "फार वेळ थांबले का हो मी?"

"नाही." मास्तर म्हणाले. "बेताचं होतं."

"मला तर वाटलं, जन्म गेला. समोर एवढी माणसं, बघायचा धीर होईना. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत कडेची एक खुर्ची रिकामी दिसली. भरलेल्या नाट्यगृहात तेवढी एकच. म्हटलं, हिच्याकडेच बघू. ही तरी हसायची नाही." ती थांबली. "परीक्षकांना तिसरीच रांग देतात ना? म्हणजे तुम्ही तिथेच कुठेतरी असाल."

मास्तरांनी लेकीकडे पाठ केली.

"शेजारीच," ते म्हणाले.