किनाऱ्यापासून हातभर

नदीच्या मधोमध आल्यावर नावाड्याने नावेची कडी दोराला अडकवली, "जरा दम घेतो" म्हणाला, आणि बसल्या बसल्या झोपला.

तो जाड दोर या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला होता. तोच हातांनी ओढत नाव पार व्हायची. आता त्याची दोन्ही टोकं धुक्यात शिरली होती. काठ दिसत नव्हते. नावेच्या पोटाखाली पाणी स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होतं.

नावेत आणखी चौघं होती : सुतार, त्याची बायको, बायकोची मोठी बहीण आणि बाई. बाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. रविवारच्या वर्गात त्यांनी सुताराला शिकवलं होतं आणि नावाड्यालाही.

पलीकडे उपासनेची पहिली घंटा झाली. पाण्याखालून कुणी वाजवतंय, असा तो आवाज आला.

"अहो, उठवा त्याला," सुताराची बायको म्हणाली. "बाईंना उशीर होईल."

उशीर म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या दोन रविवारी बाईंची बोटं चुकली होती. दुसऱ्या घंटेला बाई ऑर्गनवर नसल्या तर माझी सून वाजवील, असं चर्चच्या पाळकांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. आणि सून एकदा बसली की पुन्हा उठणार नव्हती.

सुताराने नावाड्याच्या खांद्याकडे हात नेला.

"थांब रे," बाई म्हणाल्या. "काल याला सुट्टी होती का?"

वर्गात विचारायच्या तसंच विचारलं त्यांनी, उत्तर माहीत असूनही.

"काल कुठली सुट्टी?" मोठी बहीण म्हणाली. "काल शनिवार, आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. आमची अख्खी मंडळी यानेच नेली आणि यानेच आणली. देवाने विसावा घेतला तो सातव्या दिवशी. तुम्हीच तो उगाच पुढे ढकललात."

"ढकलला नाही, ताई," सुतार म्हणाला. "प्रभू रविवारी कबरेतून उठला, म्हणून रविवार."

"तो उठला म्हणून तुम्ही दुपारभर घोरता होय?"

"झालं सुरू!" सुताराची बायको कपाळाला हात लावून म्हणाली. "घरात मीठ संपतं, पण हे भांडण संपत नाही."

"म्हणजे शनिवारी त्यांची मंडळी," बाई म्हणाल्या, "रविवारी आपली. आणि मधले दिवस बाजारकरी."

एवढं बोलून त्या थांबल्या. मुलांना विचार करायला वेळ द्यावा, तशा.

नावाड्याचं तोंड किंचित उघडं होतं. मांडीवरचे तळवे आभाळाकडे उघडे पडले होते, आणि त्यांवर दोराचे काळपट वळ होते.

"मी ओढतो," सुतार शेवटी म्हणाला.

"तुम्ही? रविवारी?" बायको म्हणाली. "माझ्या खाटेचा पाय मोडला तेव्हा सोमवार उजाडेपर्यंत जमिनीवर निजवलंत मला!"

"सरका दोघं," मोठी बहीण बाह्या सारत उठली. "माझा शब्बाथ काल झाला. मी धुलाईच्या कामालाच निघालेय."

तिने दोर धरला. तिच्या शेजारी आणखी दोन हात आले. ते बाईंचे होते. रविवारी बाई सुईत दोरासुद्धा ओवत नसत.

"बाई, तुम्ही नको," मोठी बहीण म्हणाली. "बोटं दुखतील. आज तर—"

"हळू ओढ," बाई म्हणाल्या. "हिसका नको. जागा होईल."

सुताराने आवाज न करता कडी सोडवली आणि तोही मागे उभा राहिला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, पदर खोचला, आणि तिनेही दोर धरला.

नाव इतकी सावकाश सरकू लागली, की नाव जागच्या जागी आहे आणि धुकंच मागे चाललंय, असं वाटावं. दोरातून थंड पाणी मनगटांवरून ओघळत होतं. दुसरी घंटा झाली. सुताराने बाईंच्या हातांकडे पाहिलं. ते होते त्याच चालीने चालले होते.

मग धुक्यातून ओल्या पायऱ्या वर आल्या. वर चर्चचं दार उघडं होतं, आत दिवे होते. किनारा हातभर राहिला.

"बस," बाई कुजबुजल्या. "टेकली की धक्का बसेल."

"कडी अडकवू?"

"नको. खणकेल."

"मग तुम्ही तरी उतरा, बाई," सुताराची बायको अगदी हळू म्हणाली. "अजून सुरुवात झाली नाही. एक पाऊल टाकलंत की झालं."

बाईंनी मधल्या पाण्याकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे.

"मी उतरले तर नाव हलेल," त्या म्हणाल्या.

आत ऑर्गन वाजू लागला. चाल थोडी घाईची होती. बाई मान कलती करून ऐकत राहिल्या.

"चुकत नाही पोरगी," त्या म्हणाल्या.

पाठोपाठ गीत आलं, पायऱ्या उतरून पाण्यावर पसरलं. मोठी बहीणही ओठांतल्या ओठांत तेच म्हणू लागली. त्यांच्या मंडळीतही ते म्हणत असत.

नावाड्याने झोपेतच मान दुसरीकडे कलती केली. चौघांनी दोर आणखी घट्ट धरला.