उष्टावणाची खीर

पेढा चघळत शाल्मलीने विचारलं, "मामा, गोड म्हणजे कसं लागतं रे?"

हेरंबच्या हिरड्यांत डॉक्टरांनी सोडलेले जिवाणू तोंडातली साखर जिभेआधीच खाऊन टाकत. त्यांनी मधुमेह आवरला, हिरड्यांतलं रक्त थांबलं, हलणारे दात घट्ट बसले. "आपलं उष्टं कुणाला देऊ नका," एवढंच डॉक्टरांनी बजावलं होतं. पण भाचीच्या उष्टावणाला, खीर गरम नाही ना, हे त्याने सवयीने चाखून पाहिलं आणि त्याच चमच्याने तिला भरवली. दातही न आलेल्या त्या हिरड्यांत जिवाणू कायमचे वस्तीला गेले.

"सांग ना!"

"मलाही लागत नाही गं आता."

शाल्मली आनंदाने ओरडली, "आई, मी मामावर गेलेय!"

"हो," त्याच्याकडे न बघता बहीण म्हणाली. "मामावरच."