नोंद झाली

बाबांना टाईप करता येत नसे. कारखान्यातल्या कापणी यंत्राची संरक्षक जाळी सैल झाल्याच्या त्यांच्या अकराही तक्रारी संगणक विभागातले त्यांचे जिवलग मित्र, काका, टाईप करून देत आणि म्हणत, "नोंद झाली गड्या, जा निवांत."

त्याच यंत्रात बाबांची दोन बोटे गेली, वर निष्काळजीपणाचा ठपकाही बाबांवरच आला. तेव्हा त्या तक्रारी शोधायला मी तक्रारी नोंदवायचा प्रोग्रॅम मागवून वाचला. त्या ज्या फाइलीत जात, ती ऑपरेटिंग सिस्टिमची अशी फाइल होती, जी दरवेळी 'लिहिले' असे उत्तर देते आणि एक अक्षरही ठेवत नाही. तक्रारी तिकडे वळवण्याचा बदल बाबांच्या पहिल्या तक्रारीच्याच दिवशी झाला होता, आणि करणाऱ्याचे नाव काकांचे होते.



"सापडल्या का रे?" बाबांनी मागून विचारले. "आधी काकाला कळव, माझ्यापेक्षा त्यालाच जास्त घोर लागलाय."