सरकारचं तेवढं ऐकलं

या, असे जवळ सरका. एका भावाबहिणीची गोष्ट आहे, आणि ती आवाज चढवून सांगण्याजोगी नाही.

शिंपी मास्तर धापा टाकत जिना चढले, पण धापा आनंदाच्या होत्या. दुकान खाली, राहायच्या दोन खोल्या वर. "ताई! सोडली गं! आठवडा झाला, एकही सिगारेट ओढली नाही!"

ताई त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं, हातात सुई धरायला शिकवलं. स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. भावाच्या दुकानातली काजं-बटणं करता करता तिचे केस पांढरे झाले. आत्ता ती पलंगावर बसून बॅगेची चेन ओढत होती. चेन मध्येच अडकली होती.

"मेण घास जरा," मास्तर सवयीने बोलून गेले. मग त्यांना बॅग दिसली. "कुठे निघालीस?"

"धाकटीकडे. कायमची. डॉक्टर म्हणाले, धुराच्या घरात आता राहू नका."

"धूर? अगं, मी तर खिडकीत उभा राहून ओढायचो!"

"हो ना. आणि वारा आत यायचा."

रोज झोपताना ती दाराच्या फटीत चिंध्यांची वळकटी सारायची. मास्तरांना वाटायचं, ताईला थंडी वाजते. मग ते दुकानातून आणखी चिंध्या आणून द्यायचे. प्रेमानेच द्यायचे, देव साक्षी आहे.

"पण आता जायचं कारणच काय?" मास्तरांनी बॅगेवर हात ठेवला. "सोडली म्हणतो ना! सरकारने कर वाढवला, पाकिटाला हात लावायची सोय राहिली नाही. म्हटलं, माझ्या घामाचा पैसा यांच्या घशात कशाला? त्याच दिवशी बंद! वेसण घातली बघ तुझ्या भावाला."

"चला, कुणाला तरी आवरलास एकदाचा," ताई हसली. हसता हसता खोकला आला. तो थांबेपर्यंत मास्तर पाण्याचा पेला धरून उभे राहिले.

"त्या सरकारचं भलं होवो," ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. "मी हात जोडले, रडले, तुला माझ्या गळ्याची शपथ घातली. पण माझ्या शब्दाला कर कुठला रे? तो फुकटचा."

"ताई, टोचून बोलू नकोस."

"शिंप्याची बहीण आहे मी. टोचलं असतं तर रक्त आलं असतं." तिने पदराने डोळे पुसले. "एवढंच सांग. उद्या सरकारने कर उतरवला तर?"

मास्तरांनी तोंड उघडलं. शपथ ओठांवर आली आणि तिथेच थिजली. ज्या बहिणीने बोट धरून चालायला शिकवलं, तिच्याशी खोटं कसं बोलायचं? आणि खरं काय, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मास्तरांनी बॅग उचलून खाली नेऊन दिली. तेवढंच त्यांच्याच्याने झालं.

दिवस गेले. सरकार बदललं, आणि खरोखरच कर उतरला. मास्तर कोपऱ्यावरच्या दुकानावरून चालले होते, तर दुकानदाराने त्यांना आतूनच हाक मारली.

"मास्तर, संपला हो तुमचा वनवास! भाव पुन्हा पहिल्यासारखा!" आणि त्यांच्या आवडीचं पाकीट त्याने काउंटरवर सरकवलं.

मास्तरांचा हात पुढे गेला. बोटं पाकिटाला लागली, क्षणभर तिथेच रेंगाळली. मग त्यांनी हात मागे घेतला.

"नको रे," ते म्हणाले. "ताईला धूर सोसत नाही."

दुकानदाराने मान खाली घातली. मागच्याच हिवाळ्यात मास्तरांबरोबर धाकटीकडे जाऊन त्याने स्वतः ताईला खांदा दिला होता.

आज देवापुढे बसाल तेव्हा तिची आठवण काढा. नुसतं 'ताई' म्हटलं तरी पोचेल.