चौदा डुकरे

“बाई, पहिलं वाक्य वाचायचं आणि थांबायचं,” नगराध्यक्ष दोरिनेल स्कुर्तू व्यासपीठामागे उभा राहून हळूच म्हणाला. त्याच्या छातीवर तिरंगी पट्टा होता आणि कपाळावर घाम.

ओल्तेयाबाईंच्या हातात कागद होता. बुखारेस्टच्या अभिलेखागारातून तो सकाळच्या गाडीने आला होता. ब्रुस्तुरेल शहराचे नाव ज्यात पहिल्यांदा येते, त्या राजाज्ञेची ही पुरी नक्कल. आजवर शहराला तिचे पहिलेच वाक्य ठाऊक होते, कारण एका जुन्या पुस्तकात तेवढेच छापले होते. त्या एका वाक्याच्या जोरावर चौकात ग्रॅनाइटचा दगड उभा राहिला होता. त्यावर ‘साडेपाचशे वर्षे’ असे कोरूनही झाले होते. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा सात मोठ्या पातेल्यांत रटरटत होता, आणि बँडवाले टाय सैल करून वाट पाहत होते.

दोरिनेलने कागद सकाळी घाईत चाळला होता. त्याची नजर ‘डुकरे’ या शब्दावर पडली आणि तिथेच अडकली. आपल्या पूर्वजांचा इतिहासातला पहिला पराक्रम म्हणजे शेजारच्या गावची डुकरे पळवणे, हे त्याला झेपले नव्हते.

त्यात ते शेजारचे गाव म्हणजे पोदेनी. नदीपलीकडचे. पोदेनीकडे एकही जुना कागद नव्हता, म्हणून ब्रुस्तुरेलमध्ये त्यांना ‘बिनदाखल्याचे’ म्हणत. दरवर्षी वर्धापनदिनाला पोदेनीच्या सरपंचाला मुद्दाम आमंत्रण जाई आणि मुद्दाम पहिल्या रांगेत बसवले जाई. सरपंच पाम्फिल चोबोतारू दरवर्षी येई, भाषणे ऐके, दोन वेळा वाढून घेई आणि काही न बोलता घरी जाई. आजही तो गुडघ्यांवर टोपी ठेवून बसला होता.

“मी चाळीस वर्षं इतिहास शिकवलाय, दोरिनेल,” बाई म्हणाल्या. “अर्धा धडा वाचणाऱ्याला मी कधी पास केलं नाही. तुलाही नाही.”

“मला चांगलं आठवतंय. आज तरी अर्धाच घ्या. नाहीतर त्या औषधाच्या दुकानाचा विषय मला पुढच्या वर्षावर टाकावा लागेल.”

बाईंनी चष्मा काढला आणि त्या काच पुसू लागल्या. चौकातले जुने औषधाचे दुकान अकरा वर्षे बंद होते. तिथे शहराचे संग्रहालय व्हावे म्हणून बाई अकरा वर्षे अर्ज करत होत्या, आणि आज व्यासपीठावर त्या अर्जावर सही होणार होती. तोवर संग्रहालय बाईंच्या घरात नांदत होते. पलंगाखाली शेवटच्या घड्याळजीची हत्यारे होती. ओट्यावर खाणीतले कंदील होते. न्हाणीघरातल्या टबात मातीची रोमन भांडी होती, म्हणून बाई आंघोळीला शेजारणीकडे जात. त्यांचे वय एकोणऐंशी होते. पुढच्या वर्षावर टाकणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते.

त्या व्यासपीठावर चढल्या. समोर शाळा बसली होती. पोरे चुळबुळ करत होती, पण बाईंना पाहून गप्प झाली. बाईंनी कागद उघडला आणि पहिले वाक्य वाचले.

“ब्रुस्तुरेलच्या लोकांस आमची आज्ञा.”

दोरिनेलने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बँडमास्तरने काठी उचलली. बाईंनी दोघांकडे वर्गात पाहावे तसे पाहिले. टाळ्या थांबल्या, काठी खाली आली. मग बाई पुढे वाचू लागल्या.

“आमच्या जुन्या पोदेनी गावाने तक्रार केली आहे, की तुम्ही त्यांची चौदा डुकरे रानातून हाकून नेलीत. ती परत करा. खाऊन झाली असतील तर दुसरी द्या.”

मागे कोणीतरी खुदकन हसले आणि सगळा चौक हसू लागला. दोरिनेलने मान खाली घातली. बाईंनी कागदाची घडी केली. औषधाचे दुकान गेले, असे त्यांनी मनाशी मानले आणि खाली उतरायला वळल्या.

तेव्हा पाम्फिल उठला. आता हा इतक्या वर्षांचे उट्टे काढणार, असे सगळ्यांना वाटले. तो सावकाश पुढे आला आणि बाईंसमोर टोपी छातीशी धरून उभा राहिला.

“बाई, डुकरांचं जाऊ द्या. ती सुरुवात पुन्हा एकदा वाचाल का? आमच्या गावाचं नाव येतं तिथपासून.”

बाईंनी वाचले. “आमच्या जुन्या पोदेनी गावाने...”

“बस,” पाम्फिल म्हणाला. मग त्याने ध्वनिक्षेपक स्वतःकडे ओढला आणि शांतपणे जाहीर केले, की राजाने साडेपाचशे वर्षांपूर्वीच ज्याला जुने म्हटले, ते पोदेनी गाव येत्या रविवारी आपला उत्सव करील, सगळ्या ब्रुस्तुरेलने जेवायला यावे, पहिली रांग राखून ठेवलेली असेल. आणि बाईंच्या संग्रहालयाला पोदेनीच्या शाळेतल्या तीन खोल्या आजपासून मोकळ्या आहेत, फक्त हा कागद तेवढा दारातच लावायचा.

दोरिनेल दोन ढांगांत व्यासपीठावर आला. त्याने बाईंच्या पिशवीतला अर्ज स्वतःच शोधून काढला, बँडमास्तरच्या पाठीवर ठेवला आणि सही केली. शिक्काही मारला. दुकानाची किल्ली त्याने बाईंच्या मुठीत कोंबली आणि त्यांच्या कानाशी वाकला. ध्वनिक्षेपक चालूच होता, हे त्याच्या लक्षात आले नाही.

“बाई, कागद आपल्याकडेच राहू द्या. चौदा कशाला, चाळीस डुकरं चोरली म्हणून लिहा, माझी हरकत नाही. तेवढा ‘जुन्या’ मात्र खोडून टाका.”