ओट्याची उंची

सुताराने शेवटचं दार बसवलं, दोनदा उघडून-मिटून पाहिलं आणि हत्यारं पिशवीत भरली. "गवंडी न लावता नवराबायकोनंच एवढं घर उभं केलंत, कमाल आहे तुमची. आता काही राहिलं नाही, ताई. सामान हलवा आणि राहायला या," असं म्हणून तो निघून गेला.

दोघं रिकाम्या घरात उभी राहिली. इतके दिवस बोलणं व्हायचं ते वाळू चाळली का, माल घट्ट झालाय, थोडं पाणी घाल, एवढंच.

ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावर हात टेकवून बराच वेळ उभी राहिली.

"ओटा बुटका झालाय," ती म्हणाली.

ओटा त्याने तिच्या कोपराचं माप घेऊन बांधला होता आणि तो अगदी बरोबर होता. त्याने ओट्याच्या कडेवरून हात फिरवला.

"किती वाढवायचा?"

"तोडल्याशिवाय कळणार नाही."

"बरं," म्हणत त्याने छिन्नी-हातोडा आणला. तिने बाह्या वर सारल्या आणि घमेलं पुढे ओढलं. पहिला घाव बसला, तसा दोघांचाही जीव भांड्यात पडला. एकुलती एक लेक वारली, त्याच महिन्यात त्यांनी या घराचा पाया खणायला घेतला होता. आणि काम संपल्यावर इथे समोरासमोर बसून एकमेकांशी काय बोलायचं, ते दोघांनाही अजून सुचलं नव्हतं.