मांजरेकाठी किती माणसं

लॅपटॉपने तिसऱ्यांदाही शून्यच दाखवलं, तेव्हा लुंबिनीने कपाळावर हात मारून घेतला.

वीस हजार वर्षांपूर्वीचा पाऊस, ऊन, गवत, जनावरं, सगळं मॉडेलमध्ये घातलं की त्या काळी कुठे किती माणसं जगली असतील याचा अंदाज निघतो. तापीकाठी निघाला, गोदाकाठी निघाला. तिच्या स्वतःच्या गावाला, देगलूरजवळ मांजरेकाठी, मात्र भोपळा. उद्या नांदेडला सरांकडे नकाशा द्यायचा होता. पीएचडी करावी आणि आपलाच मुलूख निर्मनुष्य रंगवावा, हे तिच्या अगदी जिवावर आलं होतं. पण आकड्यापुढे शहाणपण चालत नाही.

शेजारी भामाआत्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. "काय करायलीस गं सकाळधरनं?"

लुंबिनीने सगळं सांगितलं. "पाऊसच नव्हता गं आत्या. बहात्तरच्या दुष्काळात पडला तेवढाच समज."

"मंग बहात्तरात किती मानसं सांगतंय तुजं मशीन?"

लुंबिनीने गंमत म्हणून बहात्तर सालचा पाऊस भरला. शून्य.

आत्या पोट धरून हसली. "आगं, बारा वर्साची व्हते मी! तुजा बाप माज्या कडंवर. आमी काय भुतं हाव?"

"मग जगलात कसे?"

"गावच्या हिरीला आमाला कोन शिवू देतंय? माय नदीत जायची. मांजरा वरून सुकती, खालून न्हाई. वाळूत कंबरंइतकं उकरलं की वाटी-वाटी पानी. पुढं हीर आटली, मंग समदं गाव घागरी घेऊन आमच्याच झिऱ्यावर आलं."

"आणि तुम्ही दिलंत?"

"न देऊन काय करता? तहान लागलीती त्यान्ला."

लुंबिनीला स्वतःचाच राग आला. आभाळातलं पाणी तिने थेंबाथेंबाने मोजलं होतं. वाळूखालचं धरलंच नव्हतं. तिने नदीच्या पोटातला ओलावा मांडला. आधी बहात्तर साल तपासलं. गाव जिवंत झालं. मग मागे गेली, वीस हजार वर्षं.

आत्या शेंगा बाजूला सारून स्क्रीनजवळ आली. "किती?"

"चाळीसेक."

"लेकरं धरून?"

"हो. लेकरं धरून."

आत्याने समाधानाने मान हलवली. "मंग वाढतेत."